एलाँगेशन ४२ टक्के, तरी नाक फाटलं

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीतलं हे मध्यम आकाराचं प्रेस शॉप. दुचाकीच्या पेट्रोल टाकीचं डावं शेल, उजवं शेल आणि खालचा इनर इथे दाबला जातो. त्यानंतर सीम वेल्डिंग, गळती चाचणी, आणि माल रंगाला जातो. कंपनी, पुरवठादार आणि गाडीचं मॉडेल यांची नावं गाळली आहेत. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्णांकात आणले आहेत.

शेलसाठी ०.८ मि.मी. जाडीचा कोल्ड रोल्ड पत्रा लागतो, एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग प्रतीचा, शॉपच्या भाषेत ईडीडी. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) तयार झाल्यापासून हा पत्रा एकाच पुरवठादाराकडून येत होता. त्याला 'अ' म्हणू. पुढे 'अ'च्या कॉईल वेळेवर मिळेनाशा झाल्या, किलोमागचा दरही चढला, तेव्हा खरेदी विभागाने 'ब' हा दुसरा पुरवठादार उभा केला. ऑर्डरवर जुनंच वाक्य उतरवलं गेलं: ०.८ मि.मी., ईडीडी, एलाँगेशन किमान ४० टक्के. म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत पत्रा निदान तेवढा लांबला पाहिजे.

'अ'च्या टेस्ट सर्टिफिकेटवर (टीसी) यील्ड, म्हणजे पत्रा कायमचा लांबू लागतो तो जोर, १५० एमपीए, यूटीएस, म्हणजे तो सोसतो तो सर्वाधिक जोर, ३०५, एलाँगेशन ४२ टक्के. 'ब'च्या सर्टिफिकेटवर यील्ड १८५, यूटीएस ३१४, एलाँगेशन तेच, ४२. इनवर्डच्या (आलेला माल तपासून घेणाऱ्या) माणसाने शेवटचा आकडा पाहिला, ४० च्या वर दिसला, शिक्का मारला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला तेवढंच पाहायला सांगितलेलं होतं.

अडचण

'ब'ची कॉईल प्रेसवर चढली त्याच पाळीत उजव्या शेलच्या नाकावर चिरा दिसू लागल्या. नाक म्हणजे टाकीचा पुढचा, हँडलकडचा भाग. तिथे पत्रा पंचच्या (पत्रा डायमध्ये ढकलणाऱ्या ठोकळ्याच्या) डोक्यावरून ताणला जातो आणि चारी बाजूंनी फारसा आत सरकत नाही. काही चिरा बोट घातलं तरी कळतील अशा, काही केसाएवढ्या. केसाएवढ्या चिरांचे तुकडे वेल्डिंगपर्यंत पोचत आणि गळती चाचणीच्या पाण्यात बुडबुडे सोडत. 'अ'च्या मालावर हजारात एखाददुसरा तुकडा जायचा, इथे शंभरात सात-आठ जाऊ लागले. डाव्या शेलवर चिरा नव्हत्या, पण नाकावर पत्रा ओढल्यासारखा खडबडीत दिसत होता. तोही इशाराच होता.

त्यातच दुसरी तक्रार निघाली. इनरच्या सपाट भागावर तिरके, पाण्याचे ओघळ वाळल्यासारखे पट्टे उमटले होते. दोन तक्रारी एकाच कॉईलवर आल्यामुळे सगळ्यांनी त्या एकच मानल्या. पुढचा बराच गोंधळ या गैरसमजातून झाला.

पहिला निर्णय: प्रेसवर

रात्रपाळीच्या सुपरवायझरने प्रेस शॉपमध्ये सगळे करतात तेच केलं, ब्लँक होल्डरचा, म्हणजे ब्लँकची (दाबण्यासाठी कापलेल्या पत्र्याची) कड धरून ठेवणाऱ्या भागाचा, दाब कमी केला. दाब कमी झाला की पत्रा कडेने सहज आत सरकतो, मधला भाग कमी ताणला जातो. चिरा निम्म्यावर आल्या. सकाळपर्यंत मात्र शेलच्या कडेच्या फ्लँजवर बारीक सुरकुत्या पडल्या. तीच कड सीम वेल्डिंगच्या चाकांमधून जाते. सुरकुतीवर वेल्ड नीट बसला नाही आणि गळती चाचणीत नापास होणाऱ्या टाक्या उलट वाढल्या. म्हणजे ब्लँकवर होणारं नुकसान पूर्ण टाकीवर गेलं, आणि टाकी ब्लँकपेक्षा कितीतरी महाग.

सकाळच्या बैठकीत टूल रूमचे फोरमन, ज्यांना सगळे काका म्हणतात, ठाम होते. "डायला कुणी हात लावलेला नाही. मटेरियल बदललंय."

खरेदीवाल्याने कागद पुढे सरकवला. "टीसी बघा ना काका. दोन्हीकडे बेचाळीस."

दोघंही खरं बोलत होते. पुष्कळ ठिकाणी अशी बैठक आवाज कुणाचा मोठा यावर संपते. इथे क्वालिटी हेड असलेल्या मॅडमनी तीन गोष्टी ठरवल्या: कॉईल परत पाठवायची नाही, डायला हात लावायचा नाही, आणि होल्डरचा दाब मूळ आकड्यावर आणून ठेवायचा. मोजमाप होईपर्यंत एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत. रॅकवर 'अ'चे थोडे ब्लँक शिल्लक होते म्हणून तुलना शक्य झाली. ते आधीच दाबून संपवले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चाचणीयंत्रावर

दोन्ही पत्र्यांच्या पट्ट्या बाहेरच्या प्रयोगशाळेत गेल्या. पहिल्या खेपेला टूल रूमने शिअरवर (पत्रा कापायच्या कात्रीयंत्रावर) कापून पाठवलेले नमुने तिथल्या तंत्रज्ञाने परत केले. शिअरच्या कापाने कडेचा पत्रा आधीच दाबला जाऊन कडक होतो, तिथे काटेरी बर राहते, आणि तुटण्याची सुरुवात तिथूनच होते. अशा नमुन्याचं एलाँगेशन पत्र्याचं नसतं, कापाचं असतं. नव्या पट्ट्यांच्या कडा मिलिंग करून घेतल्या. रोलिंगच्या दिशेने, तिला ४५ अंशांत आणि ९० अंशांत, असे तीन दिशांचे नमुने काढले. दोन्ही पत्र्यांना एकच गती, एकच एक्स्टेन्सोमीटर (लांबीवाढ मोजणारं उपकरण).

मग तंत्रज्ञाने विचारलं, "गेज लेंग्थ किती धरू?" हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता. त्याकडे थोड्या वेळाने येतो, आधी आलेख.

मऊ स्टीलचा नमुना ओढला की सुरुवातीला तो स्प्रिंगसारखा वागतो आणि भार काढला की मूळ लांबीला येतो. यील्डनंतर कायमचा लांबतो, पण फुकट लांबत नाही. पुढच्या प्रत्येक टक्क्यासाठी जास्त जोर लागतो, कारण स्फटिकांच्या आतल्या सरकणाऱ्या दोषरेषा, म्हणजे डिसलोकेशन, वाढत जातात आणि एकमेकींच्या वाटेत अडकतात. हेच स्ट्रेन हार्डनिंग. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे डिसलोकेशनची कल्पना मांडली, तेव्हा धातू हिशोबापेक्षा इतक्या कमी जोराला का वाकतो आणि वाकवल्यावर कडक का होतो, या दोन्ही प्रश्नांना एक धागा मिळाला.

प्रेस शॉपला त्याचा उपयोग असा. भाकरी थापताना एखादी जागा पातळ झाली की पुढचा प्रत्येक हात तिलाच आणखी पातळ करतो, कारण पीठ तिथे स्वतःहून घट्ट होत नाही. स्टील घट्ट होतं. जिथे जास्त ताणलं गेलं तिथे कडक झालं, म्हणून पुढची ताण शेजारच्या मऊ भागावर गेली, मग तोही कडक झाला. ताण अशी वाटली जाते तोवर नमुना सगळीकडे सारखा बारीक होत जातो. एका क्षणी पातळ होण्याचा वेग कडक होण्याच्या वेगाला मागे टाकतो आणि एका जागी मान पडते, ज्याला नेकिंग म्हणतात. त्यानंतरचं सगळं लांबणं त्या मानेतच होतं.

आलेख पाहून मालकांनी एक प्रश्न विचारला: यूटीएसनंतर रेषा खाली येते, म्हणजे मटेरियल शेवटी मऊ पडतं का? नाही. प्रतिबल, म्हणजे क्षेत्रफळामागचा जोर, काढताना यंत्र भाराला सुरुवातीच्या क्षेत्रफळाने भागतं. मानेतलं खरं क्षेत्रफळ घटत असतं म्हणून भार घटतो. त्या क्षणीच्या क्षेत्रफळाने भागलं तर प्रतिबल तुटेपर्यंत चढतच असतं. फ्रेंच अभियंता कॉन्सिदेर याने १८८५ मध्ये मान पडण्याची अट मांडली: खऱ्या प्रतिबलाच्या रेषेचा चढ खऱ्या प्रतिबलाएवढाच उरला की मान सुरू होते. हॉलोमनच्या १९४५ च्या सूत्रात प्रतिबल हे विकृतीच्या, म्हणजे लांबीवाढीच्या मापाच्या, 'एन'व्या घाताच्या प्रमाणात वाढतं. दोन्ही जुळवलं की सोपं उत्तर निघतं. मान पडते त्या क्षणीची खरी विकृती म्हणजेच एन, पत्रा ताणताना किती कडक होत जातो याचा आकडा.

एन काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मॅडमनी तो बैठकीतच कॅल्क्युलेटरवर काढून दाखवला. 'अ'चं यंत्रावरचं प्रतिबल १० टक्के लांबीवाढीला २८७ आणि २० टक्क्यांना ३०४. खरं प्रतिबल काढायला पहिल्याला १.१ ने, दुसऱ्याला १.२ ने गुणायचं: ३१६ आणि ३६५. खरी विकृती १.१ आणि १.२ यांचे नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे ०.०९५ आणि ०.१८२. प्रतिबलांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले विकृतींच्या गुणोत्तराचा लॉग, उत्तर ०.२२. 'ब'ला हेच आकडे ३०२ आणि ३१४, उत्तर ०.१९.

०.२२ आणि ०.१९ यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. मान पडण्यापूर्वीच्या लांबीवाढीत तो मांडला की तसा राहत नाही. ०.२२ ला जवळपास २५ टक्के, ०.१९ ला २१ टक्के.

मग ४२ आणि ४२ कसे?

आता गेज लेंग्थ. एलाँगेशन मोजताना तुटलेले दोन तुकडे जोडून आधी खुणा केलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर पुन्हा मोजतात. त्या अंतरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: सगळ्या लांबीभर सारखी झालेली वाढ आणि मानेतली वाढ. मान थोडक्याच जागेत पडते. खुणांमधलं अंतर जितकं कमी, तितका एकूण टक्केवारीत मानेचा वाटा मोठा. पत्र्यासाठी दोन नमुने सर्रास वापरले जातात, एक १२.५ मि.मी. रुंद आणि ५० मि.मी. गेजचा, दुसरा २० मि.मी. रुंद आणि ८० मि.मी. गेजचा. एकच पत्रा दोन्हींवर वेगळं एलाँगेशन देतो, आणि यात कुणीही खोटं बोलत नसतं.

'अ'च्या सर्टिफिकेटवर बारीक अक्षरात 'गेज ८०' होतं, 'ब'च्या सर्टिफिकेटवर 'गेज ५०'. ऑलिव्हरच्या जुन्या घातसूत्राने अंदाज केला तर ०.८ मि.मी. पत्र्याचे ५० गेजवरचे ४२ टक्के ८० गेजवर सुमारे ३८ होतात. अंदाजावर न थांबता 'ब'चे ८० गेजचे नमुनेही ओढले. उत्तर ३८ च आलं.

एकाच गेजवर आणल्यावर चित्र असं: 'अ'चे ४२ म्हणजे सारखी वाढ २५ आणि मानेची १७. 'ब'चे ३८ म्हणजे सारखी वाढ २१ आणि मानेची १७. टाकीच्या नाकावर मानेच्या १७ चा काडीचा उपयोग नाही. मान पडली की तो तुकडा भंगारात, मग ती फाटायला अजून किती टक्के लागतील याच्याशी शॉपला काय करायचंय?

'ब' पत्रा वाईट नव्हता हेही इथेच सांगायला हवं. युरोपीय मानक ईएन १०१३० मध्ये डीसी०४ प्रतीला एन किमान ०.१८ लागतो आणि डीसी०६ ला ०.२२. 'ब' पहिल्या पायरीवरचा पत्रा होता, 'अ' दुसऱ्या. दोघांवर शॉपने एकच 'ईडीडी' चिठ्ठी चिकटवली होती.

पट्ट्यांचं कोडं

'ब'च्या आलेखात यील्डनंतर लगेच एक छोटी सपाट पायरी होती, एक टक्क्याहून कमी. 'अ'त ती नव्हती. पत्र्यातले कार्बन आणि नायट्रोजनचे अणू डिसलोकेशनवर जाऊन बसले की त्यांना जागचं हलवायला जास्त जोर लागतो. एकदा सुटले की ते पट्ट्यापट्ट्याने सुटतात, आणि कमी ताणल्या जाणाऱ्या सपाट भागावर ते पट्टे डोळ्यांना दिसतात. यांना ल्यूडर्स पट्टे म्हणतात. पोलाद कारखान्यात अॅनीलिंगनंतर (तापवून मऊ केल्यावर) पत्र्याला हलका स्किन पास देऊन, म्हणजे रोलमधून जरासा दाबून, ही पायरी पुसतात, पण पत्रा महिनोन्‌महिने गरम शेडमध्ये पडून राहिला की ती परत येऊ शकते. 'अ'चा पत्रा आयएफ (इंटरस्टिशियल-फ्री) जातीचा होता. त्यात टायटॅनियमसारखी मूलद्रव्यं हे मोकळे अणू आधीच बांधून टाकतात, म्हणून तो जुना झाला तरी पायरी येत नाही.

पट्टे आणि चिरा यांची मुळं अशी वेगळी निघाली. नाकावर २५-३० टक्के ताण पडतो, तिथे सुरुवातीच्या एका टक्क्याच्या पायरीने काही बिघडत नाही.

हे वेळेवर कळलं ते बरं झालं, कारण दरम्यान 'ब'ने मदतीच्या भावनेने सुचवलं होतं की पुढची कॉईल जास्त स्किन पास देऊन पाठवतो. पट्टे गेले असते. पण स्किन पास म्हणजे थोडं आगाऊ स्ट्रेन हार्डनिंगच. तो जितका जास्त, तितका यील्ड चढतो आणि प्रेससाठी शिल्लक एन घटतो. चिरा वाढल्या असत्या.

डायचा वाटा

इथपर्यंत काकांचं म्हणणं शाबूत होतं: मटेरियल बदललं, डाय नाही. मॅडमना मात्र एक गोष्ट खटकत होती. एनमध्ये ०.०३ चा फरक पडल्यावर जी डाय कोलमडते, ती आधी कितपत धडधाकट होती?

ब्लँकवर २.५ मि.मी. व्यासाच्या वर्तुळांची जाळी विद्युत-रासायनिक पद्धतीने कोरून शेल दाबलं. ताणल्यावर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. लांब अक्ष मोजला की त्या जागेची विकृती कळते. नाकावर 'अ'च्या तुकड्यात २७ टक्के निघाली. 'ब'च्या न फाटलेल्या तुकड्यात ३० ते ३१. डाय तीच, जागा तीच, तरी 'ब'त जास्त, कारण कमी एनचा पत्रा ताण शेजारी ढकलू शकत नाही. आडव्या अक्षात जवळजवळ काहीच वाढ नव्हती. पत्रा सर्वांत लवकर हार मानतो ती हीच अवस्था.

ती मर्यादा किती, यासाठी कीलर आणि ब्रेझियर यांचं सूत्र पत्राकामात सर्रास वापरतात. जाडीला १४.१३ ने गुणून त्यात २३.३ मिळवायचे, आणि येणाऱ्या उत्तराला एन भागिले ०.२१ ने गुणायचं. ०.८ मि.मी.साठी 'अ'ची मर्यादा ३६ टक्के, 'ब'ची ३१. म्हणजे 'ब' मर्यादेवरच चालत होता. तेलाचा थेंब इकडेतिकडे झाला, कॉईलच्या टोकाचा पत्रा जरा कडक निघाला, की चीर. शंभरात सात-आठ का आणि शंभरच्या शंभर का नाहीत, याचं उत्तर इथे मिळतं.

'अ'चं मर्यादेपासूनचं अंतरही नऊच टक्क्यांचं होतं. चालू उत्पादनात दहा टक्क्यांचं अंतर हवं असा सर्वसाधारण दंडक आहे. डाय पहिल्या दिवसापासून काठावर होती आणि चांगल्या पत्र्याने ते झाकून ठेवलं होतं. काकांना हे ऐकायला आवडलं नाही, पण जाळीचा तुकडा हातात घेऊन त्यांनी स्वतः दोनदा मोजलं आणि विषय सोडून दिला.

तोललेले पर्याय

कॉईल नाकारून डेबिट नोट काढावी, हा पहिला आणि सर्वांचा आवडता पर्याय. तो टिकत नव्हता. सर्टिफिकेट खरं होतं आणि ऑर्डरवर गेज लिहिलेलाच नव्हता. भांडण केलं असतं तरी चुकीची बाजू शॉपचीच ठरली असती.

पूर्णपणे 'अ'कडे परत जाणं सोपं होतं, पण पुरवठ्याची मूळ अडचण तशीच राहिली असती, आणि डाय काठावर आहे हेही विसरलं गेलं असतं.

जाडी ०.९ करावी असं एकाने सुचवलं. सूत्रात घातलं तर 'ब'ची मर्यादा ३१ वरून ३३ च्या आत सरकते. दीड टक्क्यासाठी टाकीचं वजन वाढवायचं, पंच-डायमधली फट बदलायची, ग्राहकाची मंजुरी नव्याने घ्यायची. पर्याय तिथेच बारगळला.

मधे अॅनीलिंग करून दोन टप्प्यांत दाबणं धातुशास्त्राच्या पुस्तकात शोभतं. स्ट्रेन हार्डनिंग पुसलं जातं हे खरं, पण या भागाच्या किमतीत भट्टी बसत नाही.

उरले दोन: डायमध्ये नाकाकडची ताण कमी करणं, आणि 'ब'कडून वरची प्रत मागणं. खर्च पाहून मालकांना एकच निवडायचा होता. मॅडमचं म्हणणं, फक्त पत्रा सुधारला तर पुढच्या पुरवठादाराच्या वेळी पुन्हा इथेच येऊ, आणि फक्त डाय सुधारली तर कमी एनचा पत्रा कायम काठाजवळ ठेवू. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला खरा निर्णय हाच होता, आणि तो दोन्ही करण्याच्या बाजूने लागला, पण एकामागून एक. आधी डाय, मग पत्रा, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल.

काय केलं

नाकासमोरच्या ड्रॉ बीडची (डायच्या कडेवरच्या उंचवट्याची) उंची थोडी उतरवली, तिच्या कडेची त्रिज्या वाढवली आणि पत्रा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने पॉलिश केली. बीड पत्र्याला रोखून धरते. ती सैल केली की नाकाला शेजारून पत्रा मिळतो. बाकीच्या कडेला होल्डरचा दाब मूळचाच ठेवला, त्यामुळे फ्लँजवर सुरकुत्या आल्या नाहीत. सुपरवायझरने रात्री केलेली युक्ती दिशेने बरोबर होती, फक्त ती सगळ्या कडेवर न करता नाकासमोरच करायची होती.

इनरच्या पट्ट्यांसाठी काकांनी जुना उपाय काढला: ब्लँक दाबण्याच्या आधी लगेच रोलर लेव्हलरमधून काढायचा. थोडंसं वरखाली वाकवल्याने अडकलेली डिसलोकेशन मोकळी होतात आणि पायरी नाहीशी होते. मात्र लेव्हलरमधून काढलेला माल फार काळ ठेवून चालत नाही, म्हणून त्या ब्लँकवर तारखेची चिठ्ठी लागली.

'ब'च्या उरलेल्या कॉईल नाकाचा प्रश्नच नसलेल्या सपाट ब्रॅकेटांना वापरल्या. नव्या ऑर्डरवर वाक्य बदललं: एलाँगेशन ८० मि.मी. गेजवर, एन व्हॅल्यू १० ते २० टक्के विकृतीच्या दरम्यान किमान ०.२१, आणि आर व्हॅल्यूची (तिच्याबद्दल पुढे) नोंद. 'ब'ने आयएफ जातीचा पत्रा देऊ केला, किलोमागे थोडा जास्त दर लावून. 'अ'पेक्षा तो तरीही कमी होता.

परिणाम

बीड बदलल्यावर जुन्याच 'ब' पत्र्यावर जाळी पुन्हा मोजली. नाकावरची विकृती ३०-३१ वरून २५ वर आली. अंतर सहा टक्के झालं, चिरा तुरळक झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग 'ब'चा आयएफ पत्रा आला, एन ०.२२. त्यावर विकृती २३ आणि मर्यादा ३६. चिरांची नोंद पूर्वीच्या, म्हणजे 'अ'च्या दिवसांतल्या पातळीखाली गेली. डाव्या शेलवरचा खडबडीतपणाही गेला, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

'अ' आणि 'ब' दोघांचा माल आता एकाच सेटिंगवर चालतो. खरेदी विभागाला जे हवं होतं ते शेवटी मिळालं, फक्त त्यांनी ठरवलेल्या दरात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डायची ट्रायल घेतली तेव्हा हाताशी होता तो पत्रा वापरला गेला, आणि तो नेमका उत्तम होता. ऑर्डरवर जो किमान पत्रा चालेल असं लिहितो, त्या किमान पत्र्यावर ट्रायल व्हायला हवी होती. निदान जाळीचा एक तुकडा त्या वेळी मोजून ठेवला असता तर पुढे तुलनेला आधार मिळाला असता. इथे तो आधार रॅकवर उरलेल्या ब्लँकमुळे योगायोगाने मिळाला.

सर्टिफिकेट हाताशी असताना यील्ड आणि यूटीएसचं गुणोत्तरही सावध करत होतं. 'अ'चं १५० भागिले ३०५, म्हणजे ०.४९. 'ब'चं ०.५९. यील्ड यूटीएसच्या जितकं जवळ, तितकी कडक होण्याची जागा कमी. हा नियम काटेकोर नाही आणि त्यावर कॉईल नाकारता येत नाही, पण गेज न पाहताही तो दाखवत होता की दोन्ही ४२ सारखे नाहीत. इनवर्डला आता हे गुणोत्तर लिहिलं जातं.

आर व्हॅल्यूकडे मात्र या प्रकरणात उशिरा पाहिलं गेलं. पत्रा ताणताना जाडीच्या तुलनेत रुंदी किती घटते, हे ती सांगते, आणि फ्लँजमधून पत्रा आत ओढला जातो तिथे तिचंच राज्य असतं. नाकावर पत्रा ताणला जातो, ओढला जात नाही, म्हणून इथे एनने उत्तर दिलं. हीच चीर शेलच्या खालच्या कोपऱ्यात, उभ्या भिंतीवर पडली असती तर एनच्या मागे लागून वेळ गेला असता. तीन दिशांचे नमुने ओढलेले असल्याने आकडे फाईलमध्ये होते, फक्त कुणी वाचले नव्हते.

प्रत्येक कॉईलचा एन प्रयोगशाळेत काढून घेणं अजून परवडलेलं नाही. सध्या पुरवठादाराचा आकडा धरतात आणि अधूनमधून स्वतः तपासतात. पुढच्या मॉडेलच्या टाकीची डाय आता बनते आहे. मॅडमनी टूलमेकरला लिहून दिलंय की ट्रायल ०.१९ एनच्या पत्र्यावर हवी आणि जाळीत दहा टक्के अंतर दिसायला हवं. टूलमेकर म्हणतो, अशी अट असेल तर नाकाचा आकार थोडा बोथट करू द्या, नाहीतर डायची किंमत वाढेल. आकार गाडीच्या डिझाइनवाल्यांचा आहे, आणि त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.